परसातले कावळे आणि घराची डागडुजी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आपल्या सगळ्यांना एकच विषय दिला आहे, ‘निवृत्तीनंतर मी काय करतो’. माझ्या आधी बोललेल्यांपैकी कुणी हिमालयात जाऊन आलंय, कुणी पेटी शिकतंय, कुणी नातवंडांमागे धावतंय. माझं उत्तर फारच घरगुती आहे. गेलं वर्षभर मी इथल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी करत होतो आणि ती करता करता परसातले कावळे बघत होतो. हसू नका. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे आणि तो सांगायलाच मी उभा राहिलोय.

आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. वर्गात असताना गणपतीत आरतीला आणि मे महिन्यात फणस फोडायला तुम्ही येत होतात. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणीघर. मागीलदारी विहीर, दोन माड, एक रातांबा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपासून आठ फुटांवर तो फणस. घर वडिलांनी बांधलेलं. भिंतींना काही झालेलं नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागेल तसा कडक होत जातो, त्यामुळे चिरा म्हातारा झाला तरी तक्रार करत नाही. तक्रार होती ती छपराची. स्वयंपाकघरात पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागत. आईचं वय शहाऐंशी. रात्री उठून ती पातेली रिकामी करायची.

मागच्या पितृपक्षात धाकटा भाऊ मुंबईहून आला, बहीण चिपळूणहून आली, तेव्हा बैठक बसली. भावाचं म्हणणं स्पष्ट होतं. “दादा, सरळ स्लॅब टाकून मोकळे होऊया.” त्याची कारणं खोटी नव्हती. वानरं येतात, कौलांवर उड्या मारतात, एका टोळीत पन्नास कौलं फुटतात. पूर्वी दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणसं मिळायची, आता ती मिळत नाहीत. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी १६ मेला तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं. दोन्ही वेळा पत्रे उडाले, कौलं फुटली आणि स्लॅबची घरं जागेवर राहिली. त्याचा शेवटचा प्रश्न असा होता, की “आपल्यानंतर छपरावर चढणार कोण?” माझा मुलगा पुण्यात, त्याची मुलगी परदेशात. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांकडे ते नसेल.

स्लॅबची अडचण एकच होती. माल आत आणायला आणि मागच्या बाजूला टेकू लावायला जागा हवी होती. ठेकेदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, फणस काढावा लागेल.

आई तिथेच बसली होती. ती झाडाबद्दल काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, “त्याच्यावर कावळे घरटं करतात दर वर्षी.” भाऊ हसला. मीही हसलो. पण निर्णय काही त्या दिवशी झाला नाही.

आता दुरुस्तीचा आराखडा करायचा म्हणजे काय करायचं? मी काही इंजिनिअर नाही. मी वही, टेप आणि खुर्ची घेऊन मागीलदारी बसायला लागलो. कुठून पाणी येतं, ऊन कसं फिरतं, पागोळ्या कुठे पडतात हे लिहून ठेवायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज सकाळी दोन तास. घर बघता बघता डोळे वर फणसाकडे जायचे. साठ वर्षं ज्या पक्ष्याला आपण फक्त हाकललं, तो तिथे बसून माझ्याकडे बघत असायचा.

आपल्याकडे कावळे दोन प्रकारचे. मान राखाडी असते तो गावकावळा आणि संपूर्ण काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. डोमकावळा रानातही राहतो. गावकावळा मात्र माणसाला सोडून राहत नाही. आपल्या शास्त्राच्या सरांनी सातवीत आम्हाला शाळेच्या आवारातले पक्षी मोजायला लावले होते, तेव्हा कावळा सोडून बाकीचे लिहा असं आम्हीच ठरवलं होतं. सर, ती यादी आता पूर्ण करतोय.

हे असं आपल्या कुंपणाच्या आत बसून निसर्ग बघण्याची आपल्या भागात जुनी परंपरा आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकन नावाचे गृहस्थ १८५१ साली साताऱ्यात जन्मले. नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. बंगल्याच्या आवारातल्या उंदीर, पाली, मुंग्या, कावळ्यांना त्यांनी सरहद्दीवरच्या टोळ्या मानलं आणि त्यावर पुस्तकच लिहिलं. मला हे पटतं. मागीलदार ही खरोखर सरहद्दच असते. पलीकडच्यांची संमती घेतलेली नसते आणि व्यवहार मात्र रोज चालू असतो.

मार्चच्या शेवटी फणसावर काम सुरू झालं. त्याच आठवड्यात आमच्याकडेही सुतार आला. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, की कोकणात माणसाचा आणि कावळ्याचा बांधकामाचा हंगाम एकच आहे. दोघांनाही मुदत एकच, मृग. ७-८ जूनच्या आत काम उरकलं पाहिजे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो ना ठेकेदाराचं ऐकतो ना कावळ्याचं. कावळ्याने झाडाच्या मध्यावर घरटं बांधलं तर पाऊस भरपूर आणि शेंड्यावर बांधलं तर कमी, असं जुनी माणसं सांगतात. आमच्या कावळ्यांनी मधली बेचकी निवडली. मी मात्र त्यावर विसंबून आराखडा बदलला नाही. पाऊस थोडा पडो वा फार, गळायचं तिथे गळणारच.

त्यांचं बांधकाम बघण्यासारखं होतं. आधी बेचकीत जाड काटक्या आडव्या-तिडव्या बसवल्या. काही पडल्या, त्या पुन्हा उचलल्या नाहीत, नव्या आणल्या. मग बारीक काटक्या, आणि शेवटी आतून माडाचा काथ्या. काथ्या आमच्याच माडांचा. आणि तार! न्हाणीघरावर पाण्याच्या टाकीसाठी छोटा स्लॅब टाकायचा होता, त्यासाठी सळ्या बांधायला आणलेल्या बायंडिंगच्या तारेचे तुकडे मिस्त्री पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. दोन दिवसांत डबा अर्धा झाला. मिस्त्रीने हेल्परवर आळ घेतला. मी खुर्चीवरून साक्ष दिली, म्हणून त्या मुलाची सुटका झाली.

लहानपणी आपण काऊ-चिऊची गोष्ट ऐकली. काऊचं घर शेणाचं, म्हणून पावसात वाहून गेलं आणि तो चिऊच्या दारात उभा राहिला. ही गोष्ट रचणाऱ्याने कावळ्याचं घरटं जवळून पाहिलं नसावं. तार आणि काटक्यांचं ते घरटं मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यातही हललं नाही. त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात मात्र पातेली मांडावी लागली.

दुसरी गोष्ट आठवत असेल, मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची. ती आपल्याला प्राथमिकच्या बाईंनी बोधकथा म्हणून सांगितली होती. २००९ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी रूक नावाच्या, कावळ्याच्याच कुळातल्या पक्ष्यांपुढे नळीत पाणी ठेवलं, त्यावर अळी तरंगत सोडली आणि बाजूला दगड ठेवले. पक्ष्यांनी दगड टाकून अळी वर आणली, आणि लहान दगडांपेक्षा मोठे दगड निवडायला लागले. बाईंनी सांगितलेलं खरं निघालं, एवढंच मला त्यांना आज सांगायचं आहे.

एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमारास एक कावळा घरट्यात बसून राहू लागला. माळ्याच्या झरोक्यातून त्याची शेपटी दिसायची. मी कॅलेंडरवर खूण केली. गावकावळ्याची अंडी उबायला सोळा-सतरा दिवस लागतात आणि पिल्लं पुढे तीन ते चार आठवडे घरट्यात राहतात. म्हणजे हिशेबाने मेच्या चौथ्या आठवड्यापर्यंत. आणि आमच्या कामाच्या यादीत स्वयंपाकघराचं छप्पर पहिलं होतं, कारण गळत तेच होतं.

पहिला खटका उडाला तो सुताराशी. त्याने मोजमापासाठी फणसाला शिडी लावली आणि वर चढला. दोन्ही कावळे त्याच्या डोक्यावर तुटून पडले. तो उतरला, पण प्रकरण तिथे मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो फाटकातून आत शिरला की कावकाव सुरू. मिस्त्रीला काही नाही, मला काही नाही, फक्त त्याला. तो म्हणाला, “काका, त्या कावल्यान माज्यावर डूख धरलान हाय.” मग तो रोज वेगळा शर्ट घालून यायला लागला. उपयोग झाला नाही. तो होणारही नव्हता. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेचे वाळे घातले आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं, की कावळे ओरडत मागे लागायचे. कपडे, चाल, उंची यांवर ते फसले नाहीत. ते चेहरा लक्षात ठेवतात. शेवटी आमच्या सुताराने आईकडून जुनं इरलं मागून घेतलं आणि एप्रिलच्या कडक उन्हात इरलं पांघरून फाटकातून यायला लागला. आळीतली पोरं बघायला जमायची.

पण त्याच सुताराला कावळ्यांचं ऋण मानावं लागलं. स्वयंपाकघराच्या आढ्याच्या एका टोकाला, सरकलेल्या कौलाच्या फटीत, कावळे सारखे चोच घालताना मला दिसायचे. ते तिथे पोळीचे तुकडे लपवत असतील असं मला वाटलं. त्यांना ती सवय असतेच. मी सुताराला ते टोक बघायला सांगितलं. कौल उचललं तर आतले वासे वाळवीने पोखरलेले. बाहेरून रंग शाबूत होता, बोटाने दाबलं तर भुसा. कावळे वाळवी वेचत होते. हा काकतालीय न्याय म्हणा, हरकत नाही, त्या न्यायालाही नाव कावळ्याचंच आहे. पण आमच्या अंदाजपत्रकाची दिशा त्या दिवशी बदलली. नुसती कौलं परतून भागणार नव्हतं, लाकूडच बदलायला हवं होतं.

मी भावाला फोन केला. तो शनिवार-रविवार आला, स्वतः शिडीवर चढून बघून गेला. मग आम्ही दोघं मागीलदारी बसलो, आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोन तास भांडण न करता बोललो. ठरलं ते असं. कुजलेले वासे काढून तिथे लोखंडी चॅनेल टाकायचे आणि त्यावर जुनीच मंगलोरी कौलं धुऊन बसवायची. ही कौलं १८६५च्या सुमारास बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासूनची, गलबतांतून आपल्या बंदरांत आलेली. एकेक सुटं बसतं, फुटलं तर तेवढंच बदलता येतं. उद्या आमच्या मुलांना कौलं नको झाली तर त्याच चॅनेलवर त्यांना पत्रे घालता येतील. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचं आणि आपण हवं ते करायचं. स्लॅब फक्त न्हाणीघरावर. खर्चही स्लॅबपेक्षा कमी आला. आणि फणस काढायची गरज उरली नाही.

तारखेचा प्रश्न मात्र होताच. भाऊ म्हणाला, “मागची बाजू आत्ताच करून घेऊ, मजूर आहेत तोवर.” चॅनेलचं वेल्डिंग, ठोकाठोक, सगळं घरट्याच्या खाली सहा-सात फुटांवर होणार होतं. आईने इतके दिवस कशातही तोंड घातलं नव्हतं. ती म्हणाली, “आधी त्यांचं होऊ दे, मग आपलं करा. मी इतके पावसाळे पातेली ठेवली, आणखी महिनाभर ठेवीन.” मग क्रम उलटा केला. आधी पडवी, मग माजघर, आणि स्वयंपाकघर सर्वांत शेवटी, २५ मे नंतर. मिस्त्री कुरकुरला, पण पुढच्या बाजूला कामाला तोटा नव्हता.

मे महिन्यात घरट्यातून तीन पिल्लं बाहेर आली. दोन राखाडी मानेची. तिसरं काळंकुळकुळीत, आवाजही वेगळा. ते कोकिळेचं. आपण आंबा मोहरल्यापासून ज्या आवाजाचं कौतुक करतो तो कोकीळ नर असतो आणि त्याची मादी अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांपेक्षा दोन-तीन दिवस आधीच अंड्यातून बाहेर येतं आणि आधी मागायला लागतं. आमचे कावळे तिघांनाही भरवत होते. आई रोज दुपारी जेवायच्या आधी गडग्यावर भात ठेवते, तो त्या दिवसांत दोनदा ठेवायला लागली.

मेच्या २४ तारखेला घरटं रिकामं झालं. २६ला स्वयंपाकघराची कौलं उतरवली. ५ जूनला शेवटचं कौल बसलं. छपरावर टेकणारी फणसाची एकच फांदी काढायची होती. शहरात झाडाला हात लावायला १९७५च्या कायद्याप्रमाणे नगर परिषदेची परवानगी लागते. अर्ज केला, परवानगी आल्यावर तेवढीच फांदी काढली. मृगाच्या पहिल्या सरीला आई स्वयंपाकघरात जाऊन मधोमध उभी राहिली आणि वर बघत राहिली. पातेली फळीवरच होती.

आता थोडं गंभीर बोलतो. कावळ्याबद्दल मला अवास्तव प्रेम उत्पन्न झालेलं नाही. तो चिमण्यांची पिल्लं पळवतो, वाळत घातलेले सांडगे नेतो, डोकं उठवतो. १८९०च्या दशकात झांझिबारला कचरा खायला म्हणून आपला गावकावळा नेला गेला. तिथून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला आणि तिथल्या पक्ष्यांना इतका भारी झाला, की २०२४ साली केनिया सरकारने दहा लाख कावळे मारायची मोहीम जाहीर केली. आपल्याकडेही १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली.

पण या वर्षभरात एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. मी आमच्या आळीतून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून फिरतो तेव्हा बंद घरं मोजतो. तुम्हाला माहीत आहेत ती घरं. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. त्या घरांच्या परसात झाडं आहेत, आंबे-फणस लागतात, बुलबुल असतात, भारद्वाज असतो. गावकावळा मात्र क्वचित दिसतो. तो चूल पेटते तिथे असतो. कुणीतरी भांडी घासतं, खरकटं पडतं, गडग्यावर भात ठेवला जातो, तिथे असतो. श्राद्धाच्या दिवशी आपण घास घेऊन उभे राहतो आणि कावळा येत नाही म्हणून कासावीस होतो. बाकीचं वर्ष त्या घरात कुणी राहिलेलंच नसेल तर त्याने कुणाच्या ओळखीवर यायचं? आई मुंबईला भावाकडे राहायला का जात नाही, असं मला अनेकांनी विचारलं. तिने स्वतः एकदाच उत्तर दिलं होतं, “तिथे मला कोण ओळखतं? इथे निदान हे ओळखतात.” मार्झलफ साहेबांचा प्रयोग वाचल्यावर मला कळलं, की ते शब्दशः खरं आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, उपदेश नाही. आपल्यापैकी अनेकांची घरं दुरुस्तीला आली आहेत. स्लॅब घाला, पत्रे घाला, कौलं ठेवा, तुमची गरज तुम्हाला माहीत. पण आराखडा करण्याआधी पंधरा दिवस मागीलदारी खुर्ची टाकून बसा. कुठे गळतं, कोण कुठे राहतं, दोन्ही कळेल. एप्रिल-मेमध्ये फांदी तोडण्याआधी वर बघा. घरटं असेल तर महिनाभर पुढची बाजू करून घ्या. बायंडिंगच्या तारेच्या डब्याला झाकण ठेवा. आणि दुरुस्ती झाल्यावर घराला कुलूप लावून जाऊ नका. निदान वर्षातले दोन-चार महिने तिथे चूल पेटू द्या.

यंदाच्या मे महिन्यात फणस भरपूर धरेल असं झाडाकडे बघून वाटतं. पूर्वीसारखे या. मागीलदारी बसायला जागा केली आहे. फाटकातून आत येताना नवीन चेहरा म्हणून कावळे थोडे ओरडतील, दुसऱ्या खेपेला ओरडणार नाहीत.